नीटनेटका कचरा

दयानंदला कचरा सापडत नव्हता.

हिंजवडीपासून नांद्यापर्यंतच्या पट्ट्यात, तेही दोन हजार आठ सालच्या मे महिन्यात, एखाद्याला कचरा सापडत नाही म्हटल्यावर लोकांनी त्याला आधी डोळे तपासून घ्यायला सांगितलं असतं. कचरा भरपूर होता. अडचण अशी की प्रत्येक ढिगाला कुणीतरी वाली होता. मारुंजीच्या ओढ्याकाठचा ढीग भंगारवाल्याचा होता आणि तो त्यावरच खाट टाकून झोपायचा. बसथांब्यामागचा ढीग एका भावी सरपंचाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली होता. फ्लेक्स हलवायला गेलं तर आपणच हलवले जाऊ, एवढी समज दयानंदला होती. आणि कंपनीच्या भिंतीलगतचा ढीग खुद्द कंपनीचा असल्यामुळे तो कुणालाच दिसत नव्हता.

ही पाळी त्याच्यावर आली ती त्याच्याच हुशारीमुळे. दयानंद मूळचा उदगीरचा. भूगर्भशास्त्रात बीएस्सी केलं, पण दगड काही नोकरी देईनात, म्हणून कॉम्प्युटरचा कोर्स करून हिंजवडीला चिकटला. काम काय, तर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून स्वतःची चूक दिसायला कशी असते, हे तो साफ विसरून गेला होता. कंपनीने पर्यावरण सप्ताह काढला, तेव्हा त्याच्यातला जुना दगडवाला जागा झाला. ‘पृथ्वीची तीन चक्रं’ नावाचं प्रेझेंटेशन त्याने हौसेने तयार केलं. स्लाईडवर नुसते बाण. पाऊस हवेतला कार्बन घेऊन खाली येतो आणि डोंगराचा खडक कुरतडतो. ते सगळं नदी समुद्रात नेऊन टाकते, समुद्राच्या तळाशी त्याचा पुन्हा खडक होतो, आणि कधीतरी ज्वालामुखीच्या तोंडून तोच कार्बन परत हवेत. इकडे पानं गळतात, कुजतात, जळतात, मातीत जातात आणि पुन्हा पानं होऊन वर येतात. बाण असे फिरत फिरत शेवटच्या स्लाईडवर पोचायचे आणि तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘निसर्गात कचरा नावाची गोष्टच नसते.’

टाळ्या पडल्या. एचआरच्या जुईली मॅडमनी सगळ्यात जोरात वाजवल्या आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, “दयानंद, सुपर झालं. पण लोक झोपले रे. आपल्याला ॲक्टिव्हिटी पाहिजे. अंगात हिरवा टी-शर्ट, हातात फावडं, मागे बॅनर. तू असं कर, कचरा शोध.”

“मॅडम, पण मी आत्ताच म्हणालो की कचरा नावाची...”

“शनिवारपर्यंत.”

शुक्रवारी संध्याकाळी तो हताश होऊन खोलीवर आला, चहाचा कप घेऊन खिडकीत उभा राहिला, आणि कचरा समोरच होता.

दयानंद आणि त्याची बायको कल्पना नांद्यात बहिरूशेठच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर भाड्याने राहायचे. बहिरूशेठनी स्वतःच्या भातखाचरात तीन मजले उभे केले होते आणि चौथ्यासाठी सळया वर काढून ठेवल्या होत्या. बिल्डिंगला लागून त्यांच्या थोरल्या भावजयीचं, रंभाबाईंचं खाचर होतं. भाऊ वारल्यापासून ते बहिरूशेठना पार्किंगला पाहिजे होतं आणि रंभाबाईंना भाताला. शेवटी रोजच्या कटकटीला वैतागून रंभाबाईंनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, “ज्या साली माझं खाचर पडीक ऱ्हाईल, त्या साली लाव तुझ्या गाड्या.” तेव्हापासून बहिरूशेठ दर वर्षी भातलावणीच्या वेळेला गच्चीवर उभे राहून आशेने खाली बघायचे.

त्या खाचराच्या कोपऱ्यात, बरोबर दयानंदच्या खिडकीखाली, तो ढीग पसरलेला होता. काटक्या, पाला, गवत, वर माती. हिवाळ्यापासून दयानंद तो वाढताना बघत होता. म्हणजे सकाळी कंपनीची बस पकडताना एकदा आणि दिवे लागल्यावर परतताना एकदा. मधल्या वेळात तो कोण वाढवतं, हे बघायला तो घरी असायचाच कुठे?

खरं तर त्याला तेव्हाच शंका यायला हवी होती. ढीग चौकोनी होता. कडा सरळ होत्या. वरची माती कुणीतरी हाताने पसरल्यासारखी एकसारखी होती. इतका नीटनेटका कचरा त्याने जन्मात पाहिला नव्हता. पण उदगीरकडची रानं ज्वारीची आणि तुरीची. तिकडे असलं काही कुणी करत नाही. त्यामुळे दयानंदच्या मनात एवढंच आलं, की पुण्याकडचे लोक कचरासुद्धा किती शिस्तीत टाकतात!

शनिवारी सगळी आळी रिहे गावी लग्नाला गेली होती. बहिरूशेठ गेले, रंभाबाई गेल्या, रंभाबाईंच्या सोबतीला कल्पनाही गेली. विचारायला कुणी नव्हतं. आणि असतं तरी कचरा उचलायला परवानगी कोण मागतं?

हिरवे टी-शर्ट आले. पाठीवर छापलेलं होतं, ‘मी करतो स्वच्छ!’ बॅनर आला, हातमोजे आले, नाकाला लावायच्या पट्ट्या आल्या. सांगोल्याहून नुकताच धंद्याला आलेला जयसिंग टेम्पो घेऊन आला. फावडं पहिल्यांदा घुसलं आणि टीममधला नागपूरचा अनिमेष थबकला.

“अबे दयानंद, हा कचरा तर कोणी फोल्डर करून ठेवला बे. वर माती, मग गवत, मग पाला, मग काड्या, आणि खाली... हे काय आहे?”

“शेण,” दयानंद म्हणाला आणि त्याच्या अंगात पुन्हा बीएस्सी संचारलं. “बघा, बघा सगळ्यांनी! गाळाचा खडक अस्साच तयार होतो. थरावर थर. जुना खाली, नवा वर. पुस्तकातली आकृती आहे ही!”

सगळ्यांनी आकृतीचे फोटो काढले आणि मग आकृती टेम्पोत भरली. दयानंद वर चढला, पाल्याच्या ढिगावर एक पाय ठेवला, फावडं बंदुकीसारखं खांद्याला लावलं आणि असा हसला की दाढासुद्धा फोटोत आल्या. जुईली मॅडम म्हणाल्या, “परफेक्ट! हलू नकोस.”

“कुटं टाकू सायेब?” जयसिंगने विचारलं.

“जिथे कुणाला त्रास होणार नाही तिथे.”

जयसिंग सरळ माणूस. त्याने टेकडीमागच्या बंद पडलेल्या दगडखाणीत माल उलटा केला आणि शिट्टी वाजवत परत आला.

संध्याकाळी बहिरूशेठ लग्नाहून आले, तेव्हा दयानंदने त्यांना जिन्यातच गाठून मोबाईलवर फोटो दाखवला. मोबाईलचा पडदा काडेपेटीएवढा. बहिरूशेठना त्यात हिरवा टी-शर्ट आणि दात दिसले, तेवढ्यावर ते खूश झाले. पुढच्या साली पंचायतीला उभं राहायचं त्यांच्या मनात होतं आणि भाडेकरूंची नावं त्यांनी मतदारयादीत घालून घेतली होती. “दयानंदराव, नाव काडलंत गावाचं! ह्यो फोटू आमच्या पोराच्या मोबाईलवर पाठवून द्या,” ते म्हणाले. दयानंदने पाठवला. त्या रात्री त्याला फार गाढ झोप लागली. पुढचे कित्येक दिवस तशी लागणार नव्हती.

रविवारी सकाळी हाक आली ती खिडकीची काच थरथरवून गेली.

“माझा राब कुनी न्हेला रंऽऽ! मुडदा बशिवला त्याचा!”

रंभाबाई रिकाम्या चौकोनात उभ्या होत्या. कमरेवर हात, डोक्यावरचा पदर खांद्यावर. लग्नाचा मुक्काम आटोपून त्या आणि कल्पना नुकत्याच पोचल्या होत्या. जिथे ढीग होता, तिथे आता खराटा मारल्यासारखी लखलखीत जमीन होती. टीमने काम मन लावून केलं होतं.

दयानंद चहा घेत होता. “राब नेला म्हणतायत मावशी,” तो कल्पनाला म्हणाला. “राब म्हणजे काय, गडी का? गडी पळाला का त्यांचा?”

“राब म्हणजे राब हो!” कल्पना चपला काढत म्हणाली. “भाताची रोपं ज्या तुकड्यात करतात ना, तिथं शेण, टहाळ्या, पाला, गवत असं सगळं थर देऊन रचायचं. वरून माती. पावसाच्या आधी ते पेटवायचं. जमीन भाजून निघते, मग तिथं बी टाकायचं. मी सांगितलं नव्हतं का तुम्हाला? दुपारची जात होते की मी मावशींबरोबर टेकडीवर पाला आणायला. अर्धा राब माझ्या हातचा आहे.”

“तू मला सांगितलंस?”

“तुम्ही ‘हं’ म्हणाला होतात.”

दयानंदने कप खाली ठेवला. नेमकी तेव्हाच कल्पनाची नजर बाल्कनीतल्या दोरीवर गेली. दोरीवर हिरवा टी-शर्ट वाळत होता. पाठीवर ‘मी करतो स्वच्छ!’ आणि पोटावर, दोनदा धुऊनही न गेलेला शेणाचा डाग. कल्पनाने टी-शर्टकडे बघितलं. खाली खाचराकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि हळूच म्हणाली, “अहो, होळीपासून पाठ दुखत होती हो माझी.”

खाली बहिरूशेठ बनियनवर बाहेर आले होते.

“भावजी, बऱ्या बोलानं सांगा. राब कुटं टाकलात?”

“वैनी, देवाशपथ, मला काय बी ठावं न्हाई! म्या तर लग्नात व्हतो, तुमच्याच पंगतीला बसलो व्हतो!”

“तितं फेटा बांदून मिरवलास आन हितं मागं मानसं लावलीस! राब न्हाई म्हंजी रोप न्हाई. रोप न्हाई म्हंजी खाचर पडीक. आन खाचर पडीक म्हंजी कुनाच्या गाड्या रं बहिऱ्या?”

‘भावजी’चा ‘बहिऱ्या’ व्हायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बहिरूशेठ शपथा घेत होते. ग्रामदैवताची झाली, मुलाची झाली, मग ते चौथ्या मजल्याची शपथ घ्यायला निघाले तेव्हा लोक हसले. बिचारे आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होते आणि कुणाचा विश्वास बसत नव्हता.

“जाऊन सांगा,” कल्पना म्हणाली.

“सांगतो. आधी परत आणतो आणि मग सांगतो. वस्तू जागेवर ठेवून माफी मागितली की माफीला वजन येतं.”

“मी सांगणार नाही. तोंड तुमचं आहे, तुम्हीच उघडा.”

दयानंद मागच्या दाराने मोटरसायकल काढून खाणीवर गेला. खाण म्हणजे टेकडीला पडलेलं खिंडार. तिन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती आणि तळाला मागच्या पावसाळ्याचं हिरवं पाणी. पाण्यावर रंभाबाईंचा राब तरंगत होता. पाला पसरला होता, गवत फुगलं होतं, गोवऱ्या विरघळून तळाला चालल्या होत्या. खडक, पाणी आणि कार्बन. दयानंदच्या तिन्ही स्लाईड एकाच खड्ड्यात जमल्या होत्या, फक्त बाण नव्हते.

त्याने बादली आणली होती. एका दगडावर पाय रोवून तो वाकला, बादलीभर पाला ओढला, आणि शेवाळाने त्याला अलगद आत घेतलं. पाणी कमरेइतकंच होतं, पण वास गळ्यापर्यंत आला. काठावर चरणाऱ्या म्हशींमागच्या म्हाताऱ्याने विचारलं, “काय पडलंय का पावनं?”

“हो,” दयानंद म्हणाला. काय पडलंय ते मात्र सांगितलं नाही.

घरी परतताना त्याने बादलीतला पाला चोरासारखा खाचराच्या बांधावर उलटा केला. एवढ्या मोठ्या रिकाम्या चौकोनाशेजारी ते ओलं, काळं, मूठभर काहीतरी इतकं केविलवाणं दिसलं, की त्याने ते पायाने बांधापलीकडच्या ओढ्यात ढकललं.

त्या संध्याकाळी तो गेला नाही. सोमवारी सकाळी जाईन म्हणाला आणि बस लवकर आली म्हणून गेला नाही. रंभाबाईंनी बहिरूशेठच्या दारावरून जाणं बंद केलं होतं आणि लांबून वळसा घेऊन त्या दूध घालायच्या. दयानंदच्या दारात मात्र त्या सोमवारीही आल्या आणि कल्पनाच्या पातेल्यात माप ओतून वर थोडं दूध नेहमीसारखंच जास्तीचं घातलं. दयानंद न्हाणीघरात होता. बाहेर यायचं त्याने टाळलं. दाराच्या फटीतून त्याने ते जास्तीचं दूध पातेल्यात पडताना ऐकलं आणि नळ सोडून ठेवला.

सोमवारी संध्याकाळी कंपनीची बस नांद्याच्या चौकात वळली आणि अनिमेष ओरडला, “अबे दयानंद! तू तर हिरो झाला बे!”

चौकात, वडाच्या फांदीपासून विजेच्या खांबापर्यंत, फ्लेक्स लागला होता. त्यावर दयानंद होता. फावडं खांद्याला, पाय पाल्याच्या ढिगावर, दाढांसकट हसणारा, खऱ्या दयानंदच्या तिप्पट मोठा. वर लिहिलं होतं: ‘नांदे गावची शान! पर्यावरणाचे सच्चे मित्र, स्वच्छतादूत मा. श्री. दयानंदराव यांनी गावातील घाण हटवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ आणि खाली, गॉगल लावून, एक हात मोबाईलला आणि दुसरा जनतेला दिलेले, शुभेच्छुक बहिरूशेठ.

फ्लेक्सखाली बहिरूशेठ स्वतः उभे होते. समोर रंभाबाई. भोवती अर्धं गाव.

रंभाबाईंना वाचता येत नव्हतं. पण फ्लेक्स ही काही वाचायची गोष्ट नसते.

“भावजी,” त्या अगदी थंडपणे म्हणाल्या, “ह्यो वरचा कोन?”

“दयानंदराव.”

“ह्यो टेंपूत कशाव पाय देऊन हुबा हाय?”

छापून आल्यापासून बहिरूशेठनी त्या फ्लेक्सवरचा स्वतःचा फोटो सोडून दुसरं काही बघितलं नव्हतं. आता त्यांनी मान वर केली. गॉगल काढला. पुन्हा बघितलं.

“राब दिसतूय,” ते म्हणाले.

“कुनाचा?”

“...तुमचा.”

“आन खाली डोळ्याव काळं लावून हासतंय, त्ये कोन?”

बहिरूशेठनी गॉगल खिशात घातला. तेवढ्यात बस थांबली आणि दार उघडलं. दयानंदला वाटलं, ड्रायव्हरला सांगावं की पुढे चल, पिरंगुटला चल, कोकणात चल. पण मागून टीममधला निषाद म्हणाला, “उतर ना, तुझाच स्टॉप आहे,” आणि तो आपल्याच तिप्पट तोंडाखाली उतरला.

“मावशी, मी नेला,” तो म्हणाला. “बहिरूशेठना काही माहीत नव्हतं. मला तो कचरा वाटला.”

बसच्या खिडक्यांमधून सगळी टीम बाहेर डोकावत होती.

“कचरा?” रंभाबाई म्हणाल्या. “पौषापास्नं डोईवर भारं व्हायलं. तुझी बायकू बी व्हती संगं. शेनी थापून थापून हाताची कातडी गेली. कचरा?”

लाज वाटली की काही माणसं खाली बघतात, काही रडतात. दयानंदची स्लाईड सुरू व्हायची.

“मावशी, तो नष्ट नाही झाला! निसर्गात काहीच नष्ट होत नाही. खाणीतल्या पाण्यात आहे तो. पाला तळाशी बसेल, त्यावर गाळ बसेल, मग दाब पडेल, उष्णता मिळेल...” आपण थांबायला हवं हे त्याला कळत होतं, पण तोंड ऐकत नव्हतं. “...आणि काही कोटी वर्षांनी त्याचा कोळसा होईल.”

“मिरीग जूनात हाय,” रंभाबाई म्हणाल्या.

“कोळसा झाल्याव जळंल बी चांगला,” बहिरूशेठ मदतीच्या सुरात म्हणाले. मग त्यांना एकदम आशेची पालवी फुटली. “जाऊ द्या वैनी, पोरगं चुकलं. एक साल पडीक ऱ्हाईलं खाचर तर काय आभाळ कोसाळतंय? आपलंच हाय की...”

“तू गप ऱ्हा.” रंभाबाई दयानंदच्या जवळ आल्या. त्याला वाटलं, आता कानाखाली बसणार, आणि बसली तर बरं होईल. पण त्यांनी फक्त त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, मग फ्लेक्सवरच्या त्याच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “मी दूद घालताना न्हाणीत लपून बसला व्हतास. पानी उगंच चालू व्हतं. व्हय का न्हाई?”

त्या प्रश्नाला स्लाईड नव्हती. दयानंदने मान हलवली.

“दोन दिस त्या बहिऱ्याला शिव्या घातल्या मी. त्याला पयल्यांदाच फुकाट मिळाल्या.” त्या वळल्या. “उद्यापास्नं ये. राब रच.”

पाला आणायचा कुठून? टेकडी वेचून झाली होती. मग दयानंदने कंपनीच्या बागेतला पाला मागितला. माळी तो पोत्यांत भरून ठेवायचा. जुईली मॅडमनी विचारलं, “कशासाठी?” दयानंदने सांगितलं. त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं, मग म्हणाल्या, “फोटो नकोत. एकही नको. आणि ते टी-शर्ट घालू नका.” पण शेणात जायला दुसरे कुणाकडे टाकाऊ कपडेच नव्हते, त्यामुळे टी-शर्ट घालूनच टीम आली.

पोती उलटी केली तर पाल्यातून कागदी कप निघाले, कॉफी ढवळायच्या काड्या निघाल्या, कंपनी सोडून गेलेल्या एका मॅनेजरचं गळ्यात अडकवायचं ओळखपत्र निघालं. रंभाबाईंनी ते उचललं. “ह्यो बी जाळायचा का?”

“नको मावशी, त्यांना घरी दोन मुलं आहेत,” निषाद म्हणाला.

सगळं निवडायला लागलं. ज्या लोकांनी पालापाचोळा कचरा म्हणून फेकला होता, तेच आता कचऱ्यातून पालापाचोळा वेगळा करत बसले होते आणि बांधावरून जाणारा प्रत्येकजण थांबून विचारत होता, “काय काम चाललंय?” आणि रंभाबाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होत्या. दर वेळेला गोष्ट थोडी लांबत होती. तिसऱ्या दिवशी तर दयानंद खाणीत बुडत होता आणि म्हशीच्या शेपटीला धरून वर आला होता.

“आजी, माती वरून का टाकायची?” निषादने एकदा विचारलं.

“टाकायची म्हून टाकायची. इचारत बसलास तर पाऊस येतुया.”

शेणाची पाटी दयानंदच्या डोक्यावर होती. ती दुसऱ्या कुणी घ्यायची नाही, असा कल्पनाचा हुकूम होता. ती बांधावर बसून आंबा खात होती आणि पाठ दुखते म्हणून वाकत नव्हती. “डावीकडे पातळ झालंय,” ती म्हणायची. “नाही, तुमच्या डावीकडे नाही. मावशींच्या.”

राब रचून झाला त्याच दुपारी घाटाकडून वळिवाचे ढग चढले. रचलेला राब भिजला तर पेटणार नाही; आणि पेटला नाही तर पुन्हा रचायला पाला नव्हता. ताडपत्री कुणाकडेच नव्हती. लग्नाच्या मांडवावरची अजून रिह्यातच होती. दयानंद वाऱ्यासारखा चौकाकडे धावत सुटला. वडावर चढला. स्वतःच्या हाताने स्वतःला सोडवलं, गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि परत पळाला. बहिरूशेठ गच्चीवरून ओरडले, “आवो, माझा फोटू हाय त्यात!” पण तोवर दयानंद बांध ओलांडून आत आला होता.

“छापील बाजू खाली घालू या मावशी,” तो धापा टाकत म्हणाला.

“न्हाई. गुळगुळीत बाजू वर. पानी निथळाया पायजे.”

असा दयानंद राबावर उताणा पडला. कडेला चार दगड. दाढांसकट हसत. पाऊस आला आणि त्याच्या तोंडावरून निथळून बांधात गेला. राब कोरडा राहिला.

दोन दिवसांनी सकाळी ऊन पडलं आणि रंभाबाईंनी काडी लावली. वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे जाळ मागे मागे सरकत जाईल आणि जमीन सावकाश भाजेल. धूर उठला. स्लाईडवरचा वरच्या दिशेचा बाण आता दयानंदच्या नाकातोंडात शिरत होता. इतक्यात त्याचा मोबाईल वाजला. पर्यावरण सप्ताहात कंपनीने परिसरातल्या लोकांसाठी तक्रारीचा नंबर जाहीर केला होता. तो दयानंदचा होता. नवीन रो-हाऊसमधल्या कुणी नलिनीबाई भयंकर संतापल्या होत्या.

“इथे नांद्यात कुणीतरी अडाणी माणूस उघड्यावर कचरा जाळतोय! सगळा धूर माझ्या बेडरूममध्ये!”

काजळीने माखलेला मोबाईल कानाला धरून दयानंद जाळाकडे बघत राहिला.

“कचरा नाही हो ताई तो,” तो म्हणाला.

“मग काय आहे?”

त्याला सगळं सांगता आलं असतं. बाणांसकट. पण बांधावर कल्पना ऐकत होती.

“माझी चूक आहे,” तो म्हणाला. “जळत आलीय. तासाभरात होईल.”

त्या साली भात झालं. बहिरूशेठच्या गाड्या रस्त्यावरच राहिल्या. रोपं बहुतेक ठिकाणी दाट आली, फक्त दयानंदचा शेणाचा थर पातळ राहिलेल्या डाव्या बाजूला तण माजलं, आणि त्या तुकड्याला आळीत ‘कंपनीचा पट्टा’ असं नाव पडलं ते पडलंच. रंभाबाई दूध घालत राहिल्या. जास्तीचं मात्र पातेल्यात न ओतता कल्पनाच्या हातात वाटीत द्यायला लागल्या आणि वर “हे तुला” असं म्हणायला लागल्या.

फ्लेक्स त्यांनी परत दिला नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी आणि कल्पनाने पुन्हा पाला आणला, आणि अवकाळी पावसाचं लक्षण दिसलं की तो राबावर अंथरला जायचा. त्याच्या पुढच्या सालीही. दयानंद रोज सकाळी बस पकडण्याआधी खिडकीत उभा राहायचा आणि खाली स्वतःकडे बघायचा. उन्हाने टी-शर्टचा हिरवा रंग उडाला, नाव उडालं, बहिरूशेठचा गॉगल उडाला. दात मात्र चांगल्या शाईचे असावेत. शेवटी राबावर नुसतं हसू उरलं होतं.

नांद्यात आता रो-हाऊस वाढत चालल्या होत्या, राब पेटवणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती. पण मे महिन्यात एखाद्या सकाळी, बसची वेळ होत आलेली असताना, खिडकीखालून हाक यायचीच. ती इतकी खणखणीत असायची की तिन्ही मजल्यांवरचे भाडेकरू ब्रश तोंडात धरून गॅलरीत यायचे, आणि दयानंद इस्त्रीचा शर्ट कोपरापर्यंत दुमडत मुकाट्याने जिना उतरायला लागायचा.

“दयानंदाऽऽ! त्वांड उचल तुझं! काडी लावायचीया!”